एक माणूस, एक वाक्य

रविवारी सकाळी आठ वाजता चिआंग मायच्या वाहन-दालनात मिरजेच्या दोन बायका एकाच रांगेत, एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. पुढे केतकी बिवलकर, वय छप्पन्न, हातात दोघींचे पासपोर्ट. मागे तिची नणंद हर्षदाताई, वय एकसष्ट, हातात काठी आणि तोंडात सकाळपासून एकच वाक्य: "तू बसचा हट्ट धरलास म्हणून झालं हे सगळं." केतकी उत्तर देत नव्हती. उत्तर तिच्याकडे तयार होतं, पण ते नाश्त्याच्या टेबलावर दोनदा देऊन झालं होतं.

दालन टुरिस्टांनी भरलं होतं. कुणी देवळं उरकून धबधब्यांकडे निघालं होतं, कुणी धबधबे उरकून समुद्राकडे. रांगेत पुढे एक जोडपं रडवेला आवाज काढायची तालीम करत होतं. मागची जुनी खोडं त्यांना हसत होती, कारण रडण्याला वाहनपंच भीक घालत नाही.

चिआंग मायहून लुआंग प्रबांगला जायचे तीन मार्ग. विमानानं तासभर, बसनं एकोणीस तास, नाहीतर बसनं सीमेवरच्या धक्क्यापर्यंत जाऊन पुढे मेकाँग नदीतून संथ नावेनं दोन दिवस. पूर्वी माणूस आपल्या खिशाकडे आणि कंबरेकडे बघून काय ते ठरवायचा. मग इंधन-करार झाला, या मार्गावरची विमानं दिवसाला एकावर आली, आणि ठरवण्याचं काम वाहनपंचाकडे गेलं. ज्याला फक्त फोटो काढायचेत त्यानं विमानात पाय पसरावेत आणि ज्याचं माणूस तिकडे आजारी आहे त्यानं धक्के खात जावं, हे बरोबर नाही, असं सरकारांना सुचलं. सुचलं ते चांगलंच होतं. सरकारला काही चांगलं सुचलं की सामान्य माणसानं जरा जपून राहावं.

वाहनपंच म्हणजे एक लहान खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीतून येणारा आवाज. प्रवाशानं आपलं कारण आपल्या भाषेत सांगायचं. पंच शब्द ऐकतो, आणि शब्दांखालचा कंप, श्वास, अडखळणं हेही मोजतो. त्यातून शंभरापैकी एक आकडा निघतो, त्याचं नाव निकडांक. ऐंशीच्या वर विमान, चाळिसाच्या वर बस, त्याखाली नाव. खोटं बोलणाऱ्याचा आकडा बोलता बोलताच घसरतो, त्यामुळे वशिला नाही, लाच नाही, आरडाओरडा नाही. या तिन्ही गोष्टी काढून घेतल्यावर माणसाच्या हातात काय उरतं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी याच खोलीत ते तिघं आले होते. केतकीचा नवरा श्रीरंग याला नाव हवी होती. पाणीपुरवठा खात्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला नदी दिसली की बाकी काही दिसत नसे. हर्षदाताईंचा गुडघा नावेत बसायला तयार नव्हता, त्यांना विमान हवं होतं. केतकीला वाटलं बस हा मधला मार्ग. तिघांचं तीन दिशांना तोंड बघून पंचानं सोमवारची बस दिली, आणि हॉटेलवर परतल्यावर दोघी जणी रात्रीच्या जेवणापर्यंत भांडल्या. गुरुवारी सकाळी श्रीरंग बॅग घेऊन लॉबीत उभा. "तुम्ही दोघी एकमेकींना खा, मी नावेनं जातो," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळून शांतपणे म्हणाला, "ताई, तू इथूनच मिरजेला परत गेलीस तरी चालेल मला." आणि निघून गेला.

शनिवारी संध्याकाळी नाव लुआंग प्रबांगच्या धक्क्याला लागली. धक्क्यावरून गावात चढायला उंच पायऱ्या आहेत. त्यातल्या निम्म्या चढून श्रीरंग बसला आणि बसल्या जागी कलंडला. मेंदूत रक्तस्राव. रविवारी सकाळी सात वाजता तिथल्या डॉक्टर खामला यांचा फोन केतकीला आला. बाई लाओ भाषेत बोलत होत्या आणि फोन ते मराठीत सांगत होता. "त्यांना शीतकक्षात ठेवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "शरीर थंड ठेवलं की मेंदूची सूज थांबते. शल्यविशारद उद्या सकाळी विएनतिआनहून येतील. तुम्ही आजच निघा." रिपोर्टही त्यांनी पाठवले. केतकीनं ते वाचले, फोन पालथा ठेवला आणि पासपोर्ट शोधायला लागली.

तर आता दोघींचा नंबर आला.

"नमस्कार, केतकीताई," भिंत म्हणाली. आवाज गोड होता, मराठी शुद्ध होती. "कुठे आणि कशासाठी जायचं आहे?"

"लुआंग प्रबांगला. माझे मिस्टर तिथं हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांना जरा बरं नाहीये."

समोर आकडा उमटला. एक्केचाळीस. "बस," पंच म्हणाला. "उद्या सकाळी सात वाजता."

"अहो, उद्या कशी? तसं जास्तच आहे त्यांचं."

"आधी 'जरा' म्हणालात, आता 'जास्त' म्हणताय. यातलं कोणतं धरू?"

आता काय बोलायचं या भिंतीशी? आपल्याकडे घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याला "जरा येता का" असंच म्हणतो. पंचाला शेकडो भाषा शिकवल्या होत्या, पण 'जरा' त्याला शब्दकोशातून शिकवला होता, आणि शब्दकोशात जरा म्हणजे थोडं.

"केतकीताई, तुम्हाला आणखी दोनदा बोलता येईल," पंच म्हणाला. "थेट विचारतो. रुग्ण वाचणार नाही, असं तुम्हाला वाटतं का? पूर्ण वाक्यात सांगा. हे वाक्य शपथेवरचं धरलं जाईल." बोलतानाच भिंतीवर अकरा लिप्यांमध्ये एक ओळ उजळली. मराठीत ती अशी होती: एक माणूस, एक वाक्य. दोघींनी ती वाचली आणि अशा पाट्या वाचून सोडतात तशी सोडून दिली.

केतकी म्हणजे तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासलेली बाई. उपास नाही, नवस नाही, नव्या गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची तिनं स्वतः तोडून टाकलं होतं. पण लहानपणी मामीनं एकदा तोंडावर चापट मारून सांगितलं होतं की घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. देव गेले, मामी गेली, ती चापट तेवढी राहिली होती.

"बोल ना," हर्षदाताई म्हणाल्या.

"मला नाही बोलता येत ते."

"अगं एक वाक्य आहे. विमान मिळतंय त्यावर."

"तोंडानं कसं म्हणू मी, ताई? जिवंत माणसाबद्दल? वास्तू तथास्तु म्हणते."

"वास्तू? ही वास्तू आहे? ही तिकिटाची खिडकी आहे, केतकी. सरक." हर्षदाताईंनी काठी खुर्चीला टेकवली. बत्तीस वर्षं त्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होत्या. 'शपथेवर सत्य सांगतो की' हे शब्द त्यांनी रोज दहा माणसांच्या तोंडून ऐकले होते, आणि त्यातली आठ माणसं खोटं बोलत होती हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या लेखी शपथ कागदापुरती होती. "मी हर्षदा बिवलकर, रुग्णाची सख्खी बहीण. माझा भाऊ वाचणार नाही. लिही."

आकडा तेहतिसावर आला. "नाव," पंच म्हणाला. "तुमच्या आवाजाला हे वाक्य पटलेलं नाही, हर्षदाताई."

"मी सांगतेय ना पटलंय म्हणून."

"नाही पटलेलं," पंच म्हणाला, आणि वाद घालायला तो बनवलेला नव्हता.

बाहेर रांगेतून कुणीतरी काचेवर टकटक केलं. हर्षदाताईंच्या नाकावर घाम आला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं म्हणणं कुणी असं परत केलं नव्हतं, आणि तो राग भिंतीवर काढण्यात अर्थ नव्हता. बाजूला भावजय होतीच.

"तुला जायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला तोंड दाखवायची लाज वाटतेय तुला. तुझ्या कटकटीला कंटाळून गेला तो नावेनं."

"माझ्या? वन्सं, तो तुम्हाला परत जा म्हणाला. मला नाही म्हणाला." वन्सं हा शब्द केतकीनं आजेसासूकडून उचलला होता आणि फक्त भांडताना वापरायची. "अठ्ठावीस वर्षं आमच्या प्रत्येक सहलीला तुम्ही आहात. महाबळेश्वरला तुम्ही, हंपीला तुम्ही. इथंही तुम्ही."

"माझा भाऊ आहे तो."

"तुमचा भाऊ, तुमचा भाऊ. आणि माझा कोण?"

"कोण ते दिसतंच आहे. तो तिकडे एकटा पडलाय आणि ही इथं अपशकुन मोजत बसलीय. एक वाक्य बोलायला हिला जड जातंय. तुला कळतच नाहीये तो किती आजारी आहे ते."

"मला कळत नाही?" केतकी उभी राहिली. "मला? सकाळी रिपोर्ट कुणी वाचले? तुम्ही? असे आकडे मी तीस वर्षं टाइप करून पाठवतेय, ताई. असे आकडे आलेला माणूस आठवड्यानं चहा प्यायला लॅबमध्ये येत नाही. त्याच्या घरचे येतात, बिलाची पावती मागायला. वाचत नाहीये तो. श्रीरंग वाचत नाहीये. आता झालं समाधान तुमचं?"

भिंतीवर आकडा आला, ब्याण्णव.

"धन्यवाद," पंच म्हणाला. "आज बारा चाळीसचं विमान, दोन जागा. वाक्याची नोंद झाली."

"मी तुझ्याशी बोलत नव्हते," केतकी म्हणाली. "मी यांच्याशी भांडत होते."

"खोलीत बोललेलं प्रत्येक वाक्य ग्राह्य आहे," पंच म्हणाला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

विमानाच्या प्रतीक्षागृहात त्या मध्ये एक खुर्ची सोडून बसल्या. जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी दोघींपैकी कुणाला हायसं वाटलं नव्हतं. हर्षदाताई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. श्रीरंगला भेटल्यावर काय म्हणायचं त्याची ती जुळवाजुळव होती. त्यांना त्याच्याकडून काही नको होतं. गुरुवारचं ते परत जाण्याचं वाक्य त्यानं मागे घ्यावं, शुद्धीत असताना घ्यावं, एवढंच हवं होतं. केतकीला हे कळत होतं आणि त्याचा तिला संताप येत होता.

सव्वाअकराला डॉक्टर खामलांचा फोन आला.

"तुमचं वाक्य आमच्याकडे पोचलं," डॉक्टर म्हणाल्या.

"कोणतं वाक्य?"

"वाहनपंचापुढचं. पाटी वाचली नाहीत का तुम्ही?" आणि मग त्यांनी ती पाटी समजावून सांगितली. पहिल्या वर्षी लोक विमानासाठी पंचाला सांगायचे की आमचं माणूस जातंय, आणि हॉस्पिटलला सांगायचे की ते नक्की वाचणार, तेव्हा चांगलं यंत्र द्या. म्हणून नियम आला. एका माणसाबद्दल घरच्यांचं एकच वाक्य, आणि तेच सगळीकडे. विमानतळाला ते निकडांक म्हणून दिसतं. हॉस्पिटलला तेच उलटं करून, तपासणीच्या आकड्यात मिसळून, आशांक म्हणून दिसतं. एक वर गेला की दुसरा खाली येतो.

"आमच्याकडे शीतकक्ष एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे मिस्टर काल आले म्हणून त्यांना मिळाला. आज पहाटे एका नावाड्याची बायको आलीय, हाच आजार, साधारण तेच वय. माझ्या तपासणीत दोघांचं सारखंच आहे, निम्मं निम्मं. अशा वेळी घरच्यांचा आवाज निर्णायक धरतात."

"आवाज? रिपोर्ट सोडून आवाज?" केतकीतली लॅब जागी झाली.

"लाखो रुग्णांच्या नोंदी पडताळल्यात नियम करणाऱ्यांनी. जवळच्या माणसाच्या आवाजातली खात्री आमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा खरी ठरते. का, ते मला विचारू नका. तिचा नवरा सकाळपासून एकच सांगतोय, ती उठणार. तिचा आशांक छप्पन्न आहे. तुमच्या मिस्टरांचा एकसष्ट होता. तुमच्या वाक्यानंतर तीस झालाय. दोन वाजता कक्ष तिला द्यावा लागेल."

"आणि श्रीरंग?"

"कक्षाबाहेर ते संध्याकाळपर्यंत तग धरतील. तुमचं विमान वेळेवर आलं तर भेट होईल. कदाचित ओळखतीलही तुम्हाला."

वास्तूचं कुणास ठाऊक, पण इथं खरोखरच कुणीतरी तथास्तु म्हणालं होतं, तेही लेखी. वाक्य मागे घेता येतं का, केतकीनं विचारलं. येतं, डॉक्टर म्हणाल्या. ज्यानं म्हटलं त्यानं, किंवा रक्ताच्या नातेवाइकानं पंचापुढे जाऊन म्हणायचं की तो वाचणार; मग फक्त त्याचाच आवाज धरतात. पण आवाजाला ते पटलेलं असलं पाहिजे. आणि अर्थातच निकडांक उतरेल आणि विमानाच्या जागा जातील.

फोन ठेवून केतकीनं सगळं हर्षदाताईंना सांगितलं. विमानानं गेलं तर श्रीरंग भेटेल आणि जाईल. विमान सोडलं तर कदाचित वाचेल, आणि नाहीच वाचला तर त्याच्याजवळ आपलं कुणी नसेल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

"मी विमान सोडणार नाही," हर्षदाताई म्हणाल्या.

"ताई, निम्मी आशा आहे."

"तूच म्हणालीस वाचत नाही म्हणून. तासापूर्वी. आता निम्मी कुठून आली?"

"मी म्हटलं ते रिपोर्ट वाचून. मला आकडे दिसतात, त्याला मी काय करू? माझ्या आवाजाला आता ते कधीच पटणार नाही. तुमच्या आवाजाला पटेल. तुमच्या तोंडून तर तो मरणार हेसुद्धा खरं निघालं नाही."

"म्हणजे मी जाऊन बोलायचं. माझ्या हातानं माझं तिकीट फाडायचं आणि त्याला न बघता बसायचं."

"हो."

"आणि तो गेला तर? तो मला परत जा म्हणून गेलाय, केतकी. ते शेवटचं ठरेल."

"मग ठरू दे," केतकी म्हणाली. "तुमच्या एका वाक्याची भरपाई व्हावी म्हणून मी त्याला कक्षातून बाहेर काढू?"

हे बोलणं क्रूर होतं, आणि ते क्रूर आहे हे बोलणारीलाही माहीत होतं. हर्षदाताईंनी समोरच्या विमानाकडे बघितलं. लहानसं पांढरं विमान, वीस-बावीस माणसांचं. मग त्या काठीवर रेलून उठल्या आणि पंचाच्या दालनाकडे चालायला लागल्या. केतकी मागून निघाली.

खोलीत बसून त्यांनी वाक्य म्हटलं. "माझा भाऊ वाचणार आहे." आवाज कोरडा होता. आशांक एकोणचाळीस.

"खात्री कमी पडते आहे," पंच म्हणाला.

त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं. चाळीस. केतकीच्या लक्षात आलं की सकाळी या बाईला जी खात्री होती ती आपणच खाल्ली. रिपोर्ट, आकडे, बिलाची पावती, सगळं तिच्या डोक्यात आपण ओतलं. आता गोड बोलून, पाठीवर हात फिरवून ते निघणार नव्हतं. या दोघींमध्ये गोड बोलण्याची सवयच नव्हती. आणि बोलण्याची एकच संधी उरली होती.

"जाऊ द्या, वन्सं," केतकी म्हणाली. "नाहीतरी तुमचा भाऊ नेभळटच."

"काय म्हणालीस?"

"नेभळट. आयुष्यात एकदा तुमच्यापुढे तोंड उघडलं त्यानं, तेही पळून जाताना. असली माणसं पहिल्या फटक्यात जातात. चिवटपणा लागतो वाचायला. तो बिवलकरांत आहे कुठे?"

"तोंड सांभाळ, केतकी."

"का? खोटं आहे? तुमचे वडील साध्या तापात गेले. तुमचं सगळं घराणंच तसलं."

"माझ्या वडिलांचं नाव काढू नकोस." हर्षदाताईंची मान ताठ झाली. "तू ओळखतेस कुणाला? श्रीरंग सात वर्षांचा होता तेव्हा आमच्या विहिरीत पडला. दुपारची वेळ, घरी कुणी नाही. अडीच तास तो आतल्या कपारीला धरून होता. दोराला बांधून वर काढलं तेव्हा बोटांची कातडी कपारीला राहिली होती आणि हा काय म्हणाला माहितीय? भूक लागली. तू अठ्ठावीस वर्षं त्याला वरण-भात वाढलास म्हणजे तुला कळला होय तो? तो नाही जायचा. रिपोर्ट घाल चुलीत. तुझ्या रिपोर्टानं जाणाऱ्यातला नाही माझा भाऊ. तो उठेल आणि पहिल्यांदा तुलाच विचारेल की बहिणीला काय काय बोललीस."

"नोंद झाली," पंच म्हणाला. "आशांक अठ्ठावन्न. निकडांक बावीस. विमानाच्या जागा रद्द. वाचणाऱ्या माणसाला भेटण्याची घाई नसते, म्हणून संथ नाव. धक्क्याची बस आज दुपारी तीन वाजता. पोचाल परवा संध्याकाळी."

बसही गेली होती. हर्षदाताईंच्या विश्वासानं इतका जोर केला होता की पंचानं त्यांना आरामात नदी बघत जायला सांगितलं. बाहेर येऊन त्या भिंतीला टेकल्या. केतकीनं त्यांना पाण्याची बाटली दिली, त्यांनी ती घेतली आणि आभार मानले नाहीत.

"वडिलांबद्दल बोललीस ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका विसरू," केतकी म्हणाली.

बारा चाळीसला विमान उडालं. रडण्याची तालीम करणारं ते जोडपं त्यात नव्हतं. एक वाजता डॉक्टरांचा फोन आला. "अठ्ठावन्न आणि छप्पन्न," त्या म्हणाल्या. "फरक पाचाच्या आत आहे. अशा वेळी दोन्ही घरांना दोन वाजता पुन्हा एकदा, एकाच वेळी बोलावं लागतं. ज्या आवाजानं आता म्हटलं त्याच आवाजानं. त्यावर जे होईल ते शेवटचं." केतकीनं विचारलं, तो नावाडी कुठे आहे. इथंच, डॉक्टर म्हणाल्या, आमच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत. सकाळपासून उठलेला नाही.

दोघी दालनातल्या बाकावर बसल्या. या वेळी मध्ये खुर्ची सोडली नाही, बाक लहान होता.

"पुन्हा चिडवावं लागेल तुला," हर्षदाताई म्हणाल्या.

"चिडवेन. पुष्कळ शिल्लक आहे माझ्याकडे."

"मला खरंच वाटतं गं तो वाचेल. आत बोलले ते तुझ्यावर रागावून बोलले, पण बोलल्यावर वाटायला लागलं. तुला?"

केतकीला आकडे दिसत होते. पण आकडे दोघांचेही सारखेच होते, डॉक्टर तसं म्हणाल्या होत्या, आणि दोन वाजता कुठल्यातरी एकाच घराचं म्हणणं खरं होणार होतं. त्या नावाड्याचा आवाज ऐन वेळी कापावा असं ती मनात म्हणत होती. केव्हापासून म्हणत होती तेही तिला आठवेना. स्वतःची तिला शिसारी आली, तरी मनातलं म्हणणं थांबलं नाही.

घड्याळात एक चाळीस झाले. हर्षदाताईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काय गं, केतकी, तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"त्या नावाड्याच्या बायकोचं. मघापासून आपण तिला नावाड्याची बायको, नावाड्याची बायको म्हणतोय. नाव असेलच ना काहीतरी."

"मी विचारलं नाही."

"मग विचार की. फोन तर हातात आहे तुझ्या."

केतकीनं डॉक्टरांचा नंबर काढला. बोट बटणावर नेलं आणि तिथंच थांबवलं. मग तिनं नणंदेकडे बघितलं.

"विचारते," ती म्हणाली. "पण नाव कळल्यावर दोन वाजता तुमचा आवाज कापला तर, ताई?"